आर्किटेक्चरल ड्रॉइंगमध्ये झटपट रंग: आधी जागा वेगळ्या करा, मग रंग ओता

इमारतीचा आराखडा काढणाऱ्याला रेषा वाचता येतात. ज्याच्यासाठी ती इमारत उभी राहणार असते, त्याला त्या बहुधा वाचता येत नाहीत. प्लॅनमधल्या (वरून पाहिलेल्या आराखड्यातल्या) दोन समांतर रेषा म्हणजे भिंत आहे की पायरी, एलिव्हेशनवरचा (समोरून दिसणाऱ्या दर्शनी चित्रावरचा) चौकोन म्हणजे काच आहे की भिंतीतला कोनाडा, हे सरावानेच कळते. त्याच कागदावर भिंती गडद, काच निळसर, बाग हिरवी आणि छज्ज्याखाली सावली आली, की बरेचसे प्रश्न विचारण्याआधीच सुटतात. तरीही रंगकाम नेहमी शेवटच्या रात्रीवर ढकलले जाते, कारण ते वेळखाऊ आहे असा समज पक्का झालेला असतो. प्रत्यक्षात संगणकावर रंग ओतायला क्षणभर पुरतो. वेळ जातो तो कोणता भाग कुठे संपतो हे संगणकाला सांगण्यात. हे काम एकदाच, आणि शक्य तितके कॅडच्या, म्हणजे आराखडा काढायच्या सॉफ्टवेअरच्या, फाईलमध्येच उरकून ठेवले, तर पुढचे रंगकाम झपाट्याने होते आणि हवे तितक्या वेळा बदलता येते.

रेषा वर, रंग खाली

फोटोशॉप, गिंप, क्रिटा, अॅफिनिटी फोटो किंवा प्रोक्रिएट यांपैकी कोणतेही सॉफ्टवेअर वापरा, सुरुवात एकच आहे. रेषांचा लेयर (चित्राचा स्वतंत्र थर) सर्वांत वर ठेवायचा, त्याचा ब्लेंड मोड, म्हणजे खालच्या लेयरमध्ये मिसळण्याची पद्धत, 'मल्टिप्लाय' करायचा, तो लॉक करायचा आणि सगळे रंग त्याच्याखालच्या लेयरवर भरायचे. मल्टिप्लाय म्हणजे नेमके काय, हे समजून घेतले तर पुढच्या अनेक गोष्टी आपोआप उलगडतात. संगणक प्रत्येक पिक्सेलचा उजळपणा एका आकड्यात साठवतो. तो 0 ते 1 या पट्टीवर आहे असे धरले, तर काळा म्हणजे 0 आणि पांढरा म्हणजे 1. या मोडमध्ये वरच्या आणि खालच्या पिक्सेलच्या आकड्यांचा गुणाकार होतो. पांढऱ्या कागदाचा आकडा 1 असल्यामुळे खालचा रंग जसाच्या तसा दिसतो, तर काळ्या रेषेचा आकडा 0 असल्यामुळे खाली काहीही असले तरी रेषा काळीच राहते. मधल्या करड्या छटा खालच्या रंगाला त्या प्रमाणात गडद करतात. कागदाचा पांढरेपणा असा आपोआप नाहीसा होत असल्याने तो खोडून काढण्याचा उपद्व्याप करावा लागत नाही.

नव्याने शिकणारे बहुतेकजण रेषांच्याच लेयरवर बकेटने (एका क्लिकमध्ये जागा भरणाऱ्या साधनाने) रंग ओततात, आणि मग प्रत्येक रेषेच्या कडेला पांढुरकी किनार राहिलेली दिसते. तिचे कारण असे, की तिरक्या आणि वक्र रेषा दातेरी दिसू नयेत म्हणून संगणक त्यांच्या कडांवर करड्या रंगाचे मधले पिक्सेल घालतो. बकेट पांढऱ्यासारख्या पिक्सेलपर्यंतच पसरते आणि या करड्या पट्ट्यापाशी थांबते. किती फरकापर्यंतचे पिक्सेल सारखे मानायचे, हे 'टॉलरन्स' या आकड्यावर ठरते. फोटोशॉपमध्ये तो मुळात 32 असतो आणि 0 ते 255 पर्यंत बदलता येतो. तो वाढवल्याने किनार कमी होते, पण खरा उपाय वेगळा आहे. रेषांच्या लेयरवर मॅजिक वाँडने (सारख्या रंगाचा भाग एका क्लिकमध्ये निवडणाऱ्या साधनाने) जागा निवडा, निवड एक किंवा दोन पिक्सेलने 'एक्सपांड' करा, आणि मग खालच्या लेयरवर जाऊन रंग भरा. रंग रेषेच्या खाली थोडा सरकतो आणि किनार दिसतच नाही.

किती पिक्सेलने वाढवायचे, हे रेषेच्या जाडीवर अवलंबून आहे. 300 डीपीआयला (दर इंचाला 300 पिक्सेल) 0.25 मिलिमीटरची रेषा साधारण 3 पिक्सेल जाड येते, त्यामुळे एक-दोन पिक्सेल तिच्याखाली सहज लपतात. 150 डीपीआयला तीच रेषा दीड पिक्सेलची होते. तिथे एका पिक्सेलच्या पुढे गेलात, तर रंग पलीकडच्या बाजूला डोकावू लागतो.

याच ठिकाणी रिझोल्यूशनचा निर्णय घ्यावा लागतो, आणि तो घाईत चुकतो. ए1 आकाराचा कागद 594 बाय 841 मिलिमीटरचा असतो. 300 डीपीआयला त्याची प्रतिमा 7016 बाय 9933 पिक्सेलची, म्हणजे सुमारे सात कोटी पिक्सेलची होते, आणि साध्या आठ-बिट आरजीबीमध्ये पूर्ण भरलेल्या प्रत्येक लेयरला 200 एमबीच्या आसपास मेमरी लागते. असे पंधरा-वीस लेयर झाले की चांगला संगणकही दमतो, आणि काम झटपट होण्याची आशाच संपते. 150 डीपीआयला हा सगळा भार एक चतुर्थांश होतो. मी सुचवीन ते असे: रंगाचे लेयर 150 डीपीआयला बनवा, आणि शेवटी इनडिझाइन किंवा इलस्ट्रेटरमध्ये त्या रंगीत प्रतिमेवर कॅडमधून आलेली व्हेक्टर पीडीएफ (जिच्यात रेषा पिक्सेलऐवजी गणिती आकार म्हणून साठवलेल्या असतात) ठेवून तिला मल्टिप्लाय लावा. रंगाच्या सपाट भागांना जास्त रिझोल्यूशनची गरज नसते. धारदार दिसायला हव्यात त्या रेषा आणि अक्षरे, आणि व्हेक्टर असल्यामुळे ती कोणत्याही आकारात धारदारच छापली जातात.

खरी बचत कॅडमध्ये

रंगासाठीची पीडीएफ आणि छपाईची पीडीएफ एकच असावी असा नियम नाही, आणि तसे करणे हे रंगकाम रेंगाळण्याचे सर्वांत मोठे कारण आहे. मापांच्या रेषा खोल्यांचे नाहक तुकडे पाडतात, अक्षरांच्या पोकळ्यांत पांढरे ठिपके उरतात, आणि फर्निचर व फरश्यांच्या रेषांमुळे एक खोली भरायला चाळीस वेळा क्लिक करावे लागते. म्हणून एकाच शीटमधून तीन-चार वेगवेगळ्या पीडीएफ काढाव्यात: एकीत फक्त भिंती आणि मुख्य कडा, दुसरीत फर्निचर, तिसरीत फरशी व पोत, चौथीत माप आणि मजकूर. प्रत्येक वेळी कागदाचा आकार, स्केल आणि प्लॉटची (छपाईची) चौकट तीच ठेवली, की या सगळ्या प्रतिमा एकमेकींवर तंतोतंत बसतात. खात्रीसाठी शीटच्या कोपऱ्यांत कायम छापली जाणारी अधिकच्या चिन्हासारखी (+) छोटी खूण ठेवावी. रंगाची निवड पहिल्या पीडीएफवरून करायची. बाकीच्या नंतर वरून मल्टिप्लाय करून आणायच्या.

प्लॅनमध्ये आणखी एक अडचण हमखास येते. दाराच्या जागी भिंत तुटलेली असते, त्यामुळे बैठकीच्या खोलीत ओतलेला रंग छिद्र पडलेल्या भांड्यातल्या पाण्यासारखा दारातून बाहेर वाहत जाऊन सगळे घर व्यापतो. प्रत्येक दारापाशी हाताने तात्पुरती रेघ मारत बसण्यापेक्षा कॅडमध्येच एक वेगळा लेयर करावा आणि त्यावर प्रत्येक दाराच्या, कमानीच्या व उघड्या वाटेच्या ठिकाणी उंबरठ्याची सरळ रेघ ओढून ठेवावी. हा लेयर फक्त रंगासाठीच्या पीडीएफमध्ये चालू राहतो, छपाईच्या वेळी बंद. दाराचा ब्लॉक (एकदा काढून पुन्हा पुन्हा वापरायचे तयार चित्र) वापरत असाल, तर ही रेघ ब्लॉकमध्येच योग्य लेयरवर घालून ठेवा. मग प्रत्येक नवीन आराखड्यात ती आपोआप येते आणि खोल्या नेहमी बंदिस्त मिळतात. कुठे बारीक फट राहिलीच, तर इलस्ट्रेटरमधले लाइव्ह पेंट आणि इंकस्केपची बकेट या दोहोंत फटी जुळवून घेण्याची सोय आहे. क्रिटामधला कलराइझ मास्क आणखी उदार आहे: प्रत्येक भागात हव्या त्या रंगाचा एक फराटा ओढला, की भागांच्या सीमा तो स्वतः शोधतो.

याच्या पुढची पायरी म्हणजे ओळखीच्या रंगांचा थर, आणि माझ्या मते सगळ्या युक्त्यांमध्ये हीच सर्वांत मोलाची आहे. कल्पना अशी, की कुणाला दाखवण्यासाठी नव्हे तर केवळ निवड करता यावी म्हणून एक लेयर भडक, सपाट रंगांनी भरून ठेवायचा. सगळी काच गुलाबी, सगळा गिलावा पिवळा, सगळे लाकूड पोपटी, जोते जांभळे. हा थर कॅडमध्ये सॉलिड हॅचने (बंद जागेत भरलेल्या सपाट रंगाने) तयार करणे सर्वांत सोपे: प्रत्येक साहित्याचे हॅच वेगळ्या लेयरवर आणि वेगळ्या रंगात, आणि प्लॉट करताना रेषा बंद. ही पीडीएफ फोटोशॉपमध्ये उघडताना जी खिडकी येते, तीत अँटी-अलायझिंगची खूण काढून टाकावी, म्हणजे दोन रंगांच्या मध्ये धूसर पिक्सेल राहत नाहीत. त्रिमितीय मॉडेलमधून काम करत असाल, तर व्ही-रेसारख्या रेंडररमध्ये (मॉडेलपासून चित्र तयार करणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) 'मटेरियल आयडी' नावाची प्रतिमा वेगळी काढता येते. तीही हेच काम करते.

एकदा हा थर हाती आला, की मॅजिक वाँडचे 'कंटिग्युअस' (फक्त सलग भाग निवडण्याचे बंधन) बंद करून, अँटी-अलायझ काढून आणि टॉलरन्स 0 ठेवून गुलाबी रंगावर एक क्लिक करायचा. एलिव्हेशनवर चोवीस खिडक्या असोत की दोनशे, सगळी काच एकदम निवडली जाते. त्या निवडीचा मास्क (रंग तेवढ्याच जागेत दिसू देणारा साचा) करून त्यावर सॉलिड कलरचा लेयर लावला, की काचेचा रंग हा त्या लेयरवरचा एक आकडा होऊन बसतो. घरमालकाने निळसरऐवजी हिरवट काच मागितली, तर तो बदलायला दोन क्लिक पुरतात. फायद्याची दुसरी बाजू अशी, की आराखडा बदलला तरी हा थर कॅडमधून पुन्हा काढता येतो आणि रंगांचे निर्णय तसेच टिकून राहतात.

सावली

एलिव्हेशनला रंगापेक्षाही सावलीने खोली येते. वेळ अगदीच कमी असेल तर मी रंग सोडून देईन, पण सावली सोडणार नाही. यासाठी सूर्याचा खरा कोन शोधत बसायची गरज नसते. ड्रॉइंगमध्ये जुना संकेत असा आहे, की प्रकाश घनाच्या कर्णाच्या दिशेने, वरच्या डाव्या कोपऱ्यातून येतो असे मानायचे. मग प्लॅन आणि एलिव्हेशन या दोन्हींत किरण 45 अंशांत दिसतो. या संकेताची सोय अशी, की भिंतीच्या पृष्ठभागापासून वस्तू जितकी पुढे असेल, तितकीच तिची सावली खाली आणि तितकीच बाजूला पडते. छज्जा 600 मिलिमीटर पुढे आलेला असेल, तर 1:100 स्केलवर त्याची सावली 6 मिलिमीटर खाली आणि 6 मिलिमीटर उजवीकडे जाते. 150 डीपीआयच्या प्रतिमेवर हे अंतर सुमारे 35 पिक्सेल. खिडकी 150 मिलिमीटर आत असेल, तर तिच्या वरच्या व डाव्या कडेला 9 पिक्सेलची पट्टी. पाहणाऱ्याने हे मोजले नाही तरी छज्जा किती पुढे आहे आणि काच किती आत, हे त्याच्या डोळ्यांना अचूक कळते.

करायची रीतही सोपी आहे. छज्ज्याचा आकार निवडा, तो एका नव्या लेयरवर गडद रंगाने भरा, तेवढे पिक्सेल खाली आणि तेवढेच उजवीकडे सरकवा, आणि कोपऱ्यांमध्ये राहिलेले तिरके त्रिकोण जोडून घ्या. सगळ्या सावल्या एकाच लेयरवर पूर्ण अपारदर्शक रंगाने भराव्यात आणि शेवटी त्या अख्ख्या लेयरला मल्टिप्लाय लावून त्याची अपारदर्शकता 30 ते 40 टक्क्यांवर आणावी. प्रत्येक सावली वेगळ्या अर्धपारदर्शक लेयरवर घेतली, तर दोन सावल्या जिथे एकमेकींवर येतात तिथे दुप्पट काळा डाग पडतो, आणि प्रत्यक्षात असे कधीच होत नाही. जिथे ऊन पोचतच नाही, तिथे आणखी एखादा आडोसा आल्याने ऊन अधिक कमी होत नाही. सावलीचा रंग शुद्ध काळा घेऊ नये. उघड्यावरच्या सावलीला आकाशाचा उजेड मिळत असतो, म्हणून तिच्यात निळसर करडी झाक असते, आणि ती घेतल्याबरोबर शेजारचा उन्हातला गिलावा उबदार दिसू लागतो.

प्लॅनमध्ये कापलेल्या भिंती आणि झाडे यांच्या सावल्या याच नियमाने टाकता येतात. साइट प्लॅनमध्ये तर उंच इमारतीची सावली लांब आणि कुंपणाची आखूड ठेवली, की उंचीचा आकडा कुठेही न लिहिता उंची कळते.

प्रतिमा न करताच रंग

प्रत्येक रंगीत ड्रॉइंग फोटोशॉपमधून जायलाच हवे असे नाही. कोणती खोली कशाच्या वापराची, कोणता मजला कोणत्या विभागाचा, एवढेच दाखवायचे असेल तर कॅडमधले सॉलिड हॅच पुरेसे आहे. ऑटोकॅडमध्ये हॅच रेषांच्या मागे पाठवायला विसरू नये, नाहीतर बारीक रेषा त्याखाली गडप होतात. सीमा पूर्ण बंद नसेल, तर एचपीगॅपटॉल या सेटिंगमध्ये किती अंतराची फट चालवून घ्यायची हे सांगता येते. ते मुळात 0 असते. हॅचला पारदर्शकता दिली असेल, तर प्लॉटच्या खिडकीत 'प्लॉट ट्रान्सपरन्सी' ही खूण चालू करावी लागते. स्क्रीनवर हलका दिसणारा रंग कागदावर गच्च उतरतो, तेव्हा बहुतेक वेळा हीच खूण बंद राहिलेली असते.

बिम सॉफ्टवेअरमध्ये, म्हणजे जिथे इमारतीचे मॉडेल तिच्या माहितीसकट बनते तिथे, ही गोष्ट आणखी सोपी होते. रेव्हिटमध्ये खोल्यांना नाव, विभाग किंवा क्षेत्रफळ यांनुसार कलर स्कीम लावता येते, आणि आर्किकॅडमध्ये झोन आणि ग्राफिक ओव्हरराइड यांनी तेच साधते. इथे रंग माहितीला जोडलेला असतो. भिंत सरकली की रंगाची सीमा सरकते, खोलीचा विभाग बदलला की रंग बदलतो, आणि सूचीही सोबत तयार होते. अशा वापरदर्शक प्लॅनना नंतर हाताने रंगवणे हा निव्वळ वेळेचा अपव्यय आहे.

स्केचअपमध्ये एक जोडणी लगेच जमते. एकाच सीनमधून, कॅमेरा जरासुद्धा न हलवता, तीन प्रतिमा काढाव्यात: एक फक्त रेषांची, एक सपाट रंगांची, एक फक्त सावल्यांची. त्या एकमेकींवर ठेवून वरच्या दोन मल्टिप्लाय केल्या, की प्रत्येकीचा जोर स्वतंत्रपणे कमी-जास्त करता येतो.

हाताने काढलेल्या स्केचसाठी थोडी पूर्वतयारी लागते. स्कॅन असेल तर 'लेव्हल्स'मध्ये पांढऱ्याचा स्लायडर आत सरकवून कागद पूर्ण पांढरा करावा. मोबाइलने काढलेला फोटो असेल, तर त्यावर उजेड सगळीकडे सारखा नसतो आणि एका कोपऱ्यात हाताची सावली असते. तिथे लेव्हल्स पुरे पडत नाही. मग त्याच फोटोचा लेयर दुप्पट करावा, वरच्याला इतका मोठा गॉशियन ब्लर द्यावा की रेषा विरघळून फक्त उजेडाचा चढउतार राहील, आणि त्या लेयरचा मोड 'डिव्हाइड' करावा. प्रत्येक जागेचा उजळपणा तिथल्या कागदाच्या उजळपणाने भागला जातो. कागद सर्वत्र पांढरा होतो आणि पेन्सिलच्या रेषा जशाच्या तशा राहतात.

कोणते रंग, किती पोत

झटपट काम बिघडते ते सहसा रंगांच्या निवडीत. मोठ्या भागांवर गडद आणि भडक रंग टाकले, की रेषा दबतात आणि मजकूर वाचता येत नाही. मोठ्या पृष्ठभागांना फिकट आणि कमी तीव्रतेच्या छटा द्याव्यात, आणि तेजस्वी रंग एखाद्याच गोष्टीसाठी राखावा, ज्याकडे नजर जायला हवी अशा. चार-पाच रंग ठरवून त्यांचे स्वॅच साठवून ठेवले, तर एकाच प्रकल्पाची सगळी शीट्स एका हातची दिसतात. सगळ्यांच्या वर एक ब्लॅक अँड व्हाइट अॅडजस्टमेंट लेयर ठेवून तो अधूनमधून चालू करून पाहावा: रंग काढल्यावरही भिंत, काच आणि जमीन वेगळ्या ओळखू येत असतील, तर छटांची मांडणी बरोबर आहे. लाल आणि हिरवा यांतला फरक ज्यांना नीट दिसत नाही अशांनाही तो आराखडा वाचता येईल याची खात्री याच तपासणीतून मिळते. पालिकेच्या मंजुरीसाठी जाणाऱ्या नकाशांना मात्र ही मोकळीक नाही. तिथे कोणत्या कामाला कोणता रंग हे नियमांनीच ठरलेले असते.

पोताचा मोह आवरावा लागतो. 75 मिलिमीटर जाडीची वीट 1:100 वर पाऊण मिलिमीटरची होते आणि 1:200 वर त्याच्याही निम्मी. त्या आकारात विटांचा फोटो टाकला तर वीट दिसत नाही, फक्त गढूळ लालसर गोंधळ दिसतो. अशा स्केलला सपाट रंग आणि वरून अगदी हलका 'नॉइज' पुरेसा असतो. 1:20 किंवा 1:50 वर पोत टाकायचाच असेल, तर तो आधी खऱ्या मापाच्या प्रमाणात लहान करून घ्यावा आणि पॅटर्न म्हणून साठवावा. आकाशाला ढगांच्या फोटोपेक्षा वर थोडा गडद आणि क्षितिजाकडे फिका होत जाणारा ग्रेडियंट बहुतेक वेळा अधिक शोभतो, आणि तो दहा सेकंदांत होतो.

गेल्या काही वर्षांत रेषांचे चित्र देऊन काही क्षणांत रंगवून घेणारी कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने आली आहेत. रंगसंगती सुचवण्यासाठी ती उपयोगी आहेत, पण ती चित्र नव्याने रचतात. खिडक्यांची संख्या, छज्ज्याची जाडी, कठड्याचे गज त्यांत सहज बदलतात. म्हणून तिथून फक्त रंग उचलावेत आणि ते आपल्या मास्कवर, आपल्याच रेषांखाली लावावेत. मोजमापाला बांधलेल्या ड्रॉइंगमध्ये एक खिडकी जरी कमी-जास्त झाली, तरी ते ड्रॉइंग खोटे ठरते.

छपाईआधीची तपासणी कधीच टाळू नये. स्क्रीन स्वतः उजेड देतो, कागद फक्त परावर्तित करतो, त्यामुळे कागदावर सगळे काही गडद उतरते, आणि स्क्रीनवरचे चमकदार निळे व हिरवे रंग छपाईच्या शाईच्या आवाक्याबाहेरचे असल्याने मंद पडतात. पूर्ण ए1 छापण्याऐवजी त्यातली एक अरुंद पट्टी अशी निवडावी, जिच्यात आकाश, काच, गिलावा, सावली आणि बारीक मजकूर हे सगळे येईल, आणि ती शंभर टक्के आकारात, प्रत्यक्ष वापरायच्या कागदावर छापून पाहावी. सावली फार काळी वाटली तर तिची अपारदर्शकता पाच-दहा टक्क्यांनी उतरवावी, रंग दाटले असतील तर सगळ्या रंगांच्या वर, पण रेषांच्या खाली, एक कर्व्ह्ज लेयर ठेवून मधल्या छटा थोड्या उजळाव्यात, आणि मग पूर्ण शीट प्लॉटरला पाठवावे.